‘दंगल’मध्ये काटा कुठाय?

‘दंगल’ मी पहिल्यांदा पाहिला तो कोल्हापुरात, मामेभावाबरोबर. डिसेंबर २०१६. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीला मामाकडे आलो होतो. दादा तेव्हा शहरातल्या एका तालमीत राहून कुस्ती करायचा. चित्रपटाच्या शेवटी राष्ट्रगीत वाजलं, अख्खं थिएटर उभं राहिलं, माझ्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेर आल्यावर गाडीला किक मारता मारता दादा म्हणाला, “पिक्चर झ्याक हाय. पण ह्यात काटा कुठाय?”

मला कळलं नाही. काटा म्हणजे वजनकाटा, हे त्याने सांगितल्यावरही मला त्यात विशेष काही वाटलं नाही. एखादा तांत्रिक तपशील राहिला असेल, चित्रपट आहे, चालायचंच. दादाचा प्रश्न नीट कळायला मला जवळपास आठ वर्षं लागली. मधल्या काळात मी ‘दंगल’ आणखी चारेक वेळा पाहिला, आणि दर वेळी तो मला आधीपेक्षा चांगला आणि आधीपेक्षा अडचणीचा वाटत गेला. हा लेख त्या अडचणीबद्दल आहे.

आधी त्याचं चांगलेपण मान्य करू. नितेश तिवारीचा हा चित्रपट त्यागाची गोष्ट फार हुशारीने सांगतो. महावीर फोगट मुलींना पहाटे उठवतो, त्यांचं आंबट-तिखट बंद करतो, पाणीपुरी बंद, केस कापून टाकतो. मुली रडतात, चुकारपणा करतात, आणि आपण त्यांच्या बाजूने हसतो. मग ते लग्नातलं दृश्य येतं. चौदा वर्षांची नवरी गीता-बबिताला म्हणते की तुमचा बाप निदान तुम्हाला आपलं लेकरू तरी समजतो, तुमच्या भविष्याचा विचार तरी करतो. दुसऱ्या दिवशी मुली आपणहून पहाटे उठतात. तोवर जी शिक्षा होती, ती या एका प्रसंगाने भेट होते. ज्या गावात मुलीचे लांब केस म्हणजे लवकर लागणारं लग्न, तिथे कापलेले केस म्हणजे सुटका. हे खरं आहे, आणि ते इतक्या थोडक्यात दाखवणं सोपं नाही.

अडचण सुरू होते गीता पतियाळाच्या अकादमीत पोचल्यावर. ती केस वाढवते, नखांना रंग लावते, पाणीपुरी खाते, मैत्रिणींबरोबर फिरते. घरी येते तेव्हा म्हाताऱ्या बापाला आखाड्यात पाडते. आणि मग आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये हरत सुटते. चित्रपट कुठेही म्हणत नाही की नेलपॉलिशमुळे ती हरली. पण तो ही दृश्यं अशा क्रमाने लावतो की तो निष्कर्ष आपणच काढतो. नंतर ती फोनवर बापाजवळ रडते, केस पुन्हा आखूड होतात, आणि जिंकणं परत येतं. पराभवाचं दुसरंही एक कारण चित्रपटात आहे: कोच तिला बचावात्मक खेळायला लावतो आणि तिचा मूळ खेळ आक्रमक आहे. कुस्तीच्या दृष्टीने हे कारण पुरेसं होतं. पण तेवढ्यावर भागत नाही. चित्रपटाला तिचे केसही हवे असतात.

वीस वर्षांची मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहते आणि खेळाच्या बरोबरीने थोडं जगून पाहते. तोल शोधायचा हा तिचा पहिला प्रयत्न असतो, कदाचित चुकतमाकत केलेला. चित्रपट त्याची नोंद घसरण म्हणून करतो. त्याच्याकडे दोनच खाती आहेत, त्याग आणि भोग. तिसरं खातं उघडायची सोय नाही.

ही फक्त ‘दंगल’ची गोष्ट नाही. त्याच २०१६ साली आपल्याकडे ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि राणादा घराघरांत पोचला: लाजाळू, साधा, तालमीशी एकनिष्ठ, बाईमाणसासमोर मान खाली घालणारा पैलवान. पैलवान म्हटला की तो आतून असा कोरा असला पाहिजे, ही आपली आवडती कल्पना आहे. त्याने काय काय सोडलं यावर आपण त्याची किंमत करतो.

आणि हे प्रेम फक्त पात्रांपुरतं नसतं. ‘दंगल’च्या वेळी आमच्या हॉस्टेलवर चित्रपटापेक्षा जास्त वेळा पाहिला गेलेला व्हिडिओ होता आमीर खानच्या शरीराचा. म्हाताऱ्या महावीरसाठी त्याने वजन ९७ किलोंपर्यंत नेलं, मग तरुण महावीरसाठी उतरवून दाखवलं. तो व्हिडिओ पाहून आमच्या मजल्यावरच्या सहा जणांनी दुसऱ्या दिवशीपासून मेसमधला भात सोडला. मीही त्यांत होतो. अकरा दिवस टिकलो. गंमत अशी की आमीरच्या हाताशी महिने होते, आहारतज्ज्ञ होते, आणि ठरलेल्या सकाळी काट्यावर उभं राहून शंभर ग्रॅमच्या हिशेबाने बाद होण्याची भीती नव्हती. आम्ही ज्याला पैलवानाचा त्याग समजत होतो तो नटाचा त्याग होता. पैलवानाचा आम्ही पाहिलाच नव्हता.

इथे दादाच्या प्रश्नाकडे यायला हवं.

तालमीतला संयम आणि काट्याचा संयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गोष्टींमध्ये त्यांची सरमिसळ झालेली असते. लाल मातीतल्या पैलवानाचा संयम साठवण्याचा असतो. पहाटे उठायचं, जोर-बैठका मारायच्या, लंगोट घट्ट ठेवायचा, व्यसनापासून लांब राहायचं. आणि त्याच्या बदल्यात दूध, तूप, बदाम, थंडाई पोटभर. तिथे अंगातली ताकद वाया जाऊ द्यायची नाही, हा सगळ्या त्यागाचा अर्थ. उपाशी राहणं त्यात बसतच नाही. खुराक कमी पडला तर वस्तादच ओरडतो. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात कुस्त्या लागायच्या त्या जोड पाहून, वजनगट पाहून नव्हे. चुरशीच्या, तोडीस तोड कुस्तीला आपण ‘काटाजोड’ म्हणतो, त्यातही मला तराजूचाच काटा दिसतो. पण तो दोघांना एकमेकांशी तोलणारा, एकट्या माणसाला आकड्याशी तोलणारा नव्हे.

मॅटवरची कुस्ती वेगळी. तिथे वजनगट आहेत, आणि असायलाच हवेत, नाहीतर पन्नास किलोच्या मुलीने सत्तर किलोच्या मुलीशी लढायचं का? पण गट आले की युक्तीही आली. माझं खरं वजन ५६ असेल आणि मी तात्पुरती ५० ला उतरू शकले, तर मी माझ्यापेक्षा लहान चणीच्या मुलींशी लढेन. समोरचीही हाच विचार करत असते, त्यामुळे शेवटी फायदा कुणालाच उरत नाही आणि उपास सगळ्यांना घडतो. सुरुवातीचे किलो खाणं कमी करून जातात. शेवटचे किलो चरबीचे नसतातच, ते पाण्याचे असतात. मीठ बंद, भात-पोळी बंद, मग पाणी बंद. सॉना, घाम येण्यासाठी जाड कपडे घालून धावणं. रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयाला जास्त राबावं लागतं, शरीराला स्वतःला थंड ठेवता येत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असं वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने मेले, तेव्हा तिथल्या कॉलेज कुस्तीत सॉना आणि रबरी सूट यांवर बंदी आली.

‘दंगल’ या प्रदेशाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत येतो. राष्ट्रकुल स्पर्धेआधी कोच गीताला तिच्या ५५ किलोऐवजी ५१ किलो गटात उतरवू पाहतो आणि महावीरचं डोकं फिरतं. चार किलो! पहिल्यांदा पाहताना मला हा कोचच्या खलनायकीचा आणखी एक पुरावा वाटला होता. आता वाटतं, संबंध चित्रपटातला हा सगळ्यांत खरा क्षण आहे. एक बाप सांगतोय की माझ्या मुलीचं शरीर तिच्या गटात राहू द्या. पण या चार किलोंचा अर्थ काय, ते कसे जातात, त्या आठवड्यात ती मुलगी कशी दिसते, झोपते का, हे चित्रपट विचारत नाही. कोच चूक आणि बाप बरोबर हे ठरलं की तो पुढे जातो. पाणीपुरीला अख्खं गाणं मिळतं, चार किलोंना दोन-तीन वाक्यं.

आठ वर्षांनी ही न सांगितलेली गोष्ट त्याच घरात घडली. विनेश फोगट महावीर यांची पुतणी, त्यांच्याच आखाड्यात घडलेली. तिचा गट ५३ किलोंचा. त्या गटात भारताची ऑलिंपिकची जागा अंतिम पंघालने मिळवलेली होती, म्हणून पॅरिसला जायचं तर विनेशला ५० मध्ये उतरावं लागलं. ६ ऑगस्ट २०२४ ला तिने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. पहिलीच कुस्ती टोकियोची सुवर्णपदक विजेती युई सुसाकी हिच्याशी होती. तोवर सुसाकी आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधीही हरली नव्हती. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली विनेश ही पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. पण २०१८ पासूनच्या नियमांप्रमाणे स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन द्यावं लागतं. दिवसभर लढण्यासाठी जे खाल्लं-प्यायलं, ते रात्रीतून पुन्हा उतरवायचं होतं. ती रात्रभर झोपली नाही. व्यायाम, सॉना, पाण्याचा थेंब नाही. शेवटी केस कापले. सकाळी काटा शंभर ग्रॅम जास्त बोलला.

केस. ‘दंगल’मध्ये बाप केस कापतो तेव्हा मुलगी रडते आणि आपल्याला कळतं की हिला पैलवान व्हायचंय. पॅरिसमध्ये त्याच केसांना फक्त वजन उरलं होतं. त्यात शिस्त नाही, बंड नाही, बाईपण सोडणं नाही. काही ग्रॅम. एका घराची एवढी मोठी प्रतिमा काट्यावर ठेवली आणि तीही पुरली नाही.

त्या दिवशी दुपारी मी ऑफिसात होतो. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, “शंभर ग्रॅम! एवढंसं सांभाळता येऊ नये?” वर एक रडका इमोजी. कामाच्या धबडग्यात लिहिलेलं, पण लिहिलं मीच. दादाचा मेसेज आला: “शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. तू आज सकाळपासून किती प्यालास?” मी टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. लिटरची बाटली रिकामी होती.

त्या आठवड्यात मी जुन्या बातम्या चाळल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये मेरी कोमने पोलंडमध्ये स्पर्धेआधी चार तासांत दोन किलो उतरवले होते, दोरीवरच्या उड्या मारून, आणि मग सुवर्ण जिंकलं. बातमी जिद्दीची होती. विनेशनंतर दोनच दिवसांनी अमन सेहरावतने ५७ किलो गटात ब्राँझ मिळवलं. त्याआधी एका रात्रीत, सुमारे दहा तासांत, त्याने ४.६ किलो उतरवले होते. बातमी पुन्हा जिद्दीची. मग सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत हाच अमन १.७ किलो जास्त भरला आणि बाद झाला. आता बातमी बेशिस्तीची, आणि कुस्ती महासंघाने बंदीही घातली, जी पुढे उठवली. कृती तीच. काट्याने हो म्हटलं की तपश्चर्या, नाही म्हटलं की हलगर्जीपणा. आपण त्यागाबद्दल बोलतोय असं वाटतं, पण बोलत असतो निकालाबद्दल.

पॅरिसमध्ये अमनला उपांत्य फेरीत हरवणारा जपानचा रेई हिगुची पुढे त्या गटाचं सुवर्ण घेऊन गेला. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत हाच हिगुची ५० ग्रॅमनी बाद झाला होता. विनेशला त्याने जाहीर संदेश लिहिला की तुझं दुःख मला सगळ्यांत चांगलं समजतं. त्या दोन दिवसांत वाचलेल्या शेकडो मतांत मला हे एकच मत वाटलं ज्यात सल्ला नव्हता.

‘दंगल’ जिथे थांबतो तिथून पुढे काय होतं हे पाहायचं असेल तर मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘रेजिंग बुल’ (१९८०) पाहावा. मुष्टियोद्धा जेक लामोटाची ही गोष्ट. सामन्याआधी स्त्रीसंग नको म्हणून तो बायकोला जवळ बोलावतो आणि ऐन क्षणी स्वतःवर बर्फाचं पाणी ओतून घेतो. पहिल्यांदा पाहताना मी हसलो होतो. पण हेच तर आपलं ब्रह्मचर्य, फक्त भजन वजा करून. स्कॉर्सेसी त्याला ना थोर ठरवतो ना ढोंगी. तो एवढंच दाखवतो की हा माणूस जो जोर स्वतःला आवरायला वापरतो, तोच संशय होऊन बायकोवर आणि भावावर उलटतो. मोह दाबायचा सराव त्याला आहे, पण दाबलेल्याचं पुढे काय करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. आणि रिंग सुटते तेव्हा सगळे बांध एकदम सुटतात. उतारवयातल्या जेकसाठी रॉबर्ट डी निरोने सुमारे २७ किलो वजन वाढवलं. आमीरसारखंच नटाचं शरीर, पण त्याचा उपयोग अगदी उलटा. ‘दंगल’मधलं सुटलेलं पोट बापाच्या वयाची आणि संसाराची खूण आहे. ‘रेजिंग बुल’मधलं पोट म्हणजे सगळे नकार थकबाकीसकट परत आलेले.

‘रेजिंग बुल’लाही मी पूर्ण गुण देणार नाही. तो नाश इतका सुंदर चित्रित करतो की तोही एक प्रकारचा मोह होतो. संतुलित माणूस त्यालाही दाखवता येत नाही. एका चित्रपटाला त्याग सुंदर वाटतो, दुसऱ्याला विध्वंस. तोल मात्र दोघांनाही कंटाळवाणा वाटतो. खरं आहे, पडद्यावर तो दिसतो कसा? वेळेवर झोपलेला खेळाडू, वर्षभर आपल्या गटाच्या दोन किलो आसपास राहणारं वजन, दुखापत झाल्यावर घेतलेली सुट्टी. याला पार्श्वसंगीत काय देणार?

पण कुस्तीत तोल ही कंटाळवाणी गोष्ट नाहीच, तोच तर खेळ आहे. डाव म्हणजे समोरच्याचा तोल घालवणं आणि आपला राखणं. जो पैलवान हे समोरच्याच्या शरीराशी क्षणाक्षणाला करतो, त्याने स्वतःच्या आयुष्यात मात्र एका टोकाला उभं राहावं, ही अपेक्षा आपण प्रेक्षकांनी केलेली आहे. खाशाबा जाधवांबद्दल मला एक साधा तपशील आवडतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ जिंकलं ते एक गट वर जाऊन, बँटमवेटमध्ये, ५७ किलोंत. त्यांच्या चरित्रातला त्याग आपण नेहमी सांगतो: प्रवासासाठी वर्गणी, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी गहाण टाकलेलं घर. वर गेलेला वजनगट मात्र कुणी सांगत नाही. एकाच गटाच्या फरकाने पदक आलं असा दावा मी करत नाही. पण खाशाबांवर चित्रपट काढणाऱ्याने हा तपशील तळटीप समजू नये.

दादाचं सांगायचं राहिलं. २०१६ च्या त्या डिसेंबरात तो स्वतः ६७ वरून ६१ ला येत होता. आम्ही चित्रपट पाहिला तेव्हा मध्यंतरात मी समोसे आणले आणि त्याने हातसुद्धा लावला नाही. मी मनात म्हटलं, काय शिस्त आहे. तेवढ्याने मला त्याचा अभिमान वाटला आणि मी दोन्ही समोसे खाल्ले. त्याला तहान लागली होती का, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढे तीन वर्षांनी गुडघा गेला. पैलवानकी सुटली, खुराक सुटला नाही. वर्षभरात वजन ९५ वर गेलं, आणि तिशी गाठायच्या आत साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. मामी म्हणायच्या, इतकी वर्षं मन मारलं, आता खाऊ दे. गावानेही तेच म्हटलं. कसं थांबायचं हे त्याला येत होतं. कसं जेवायचं हे त्याला नव्याने शिकावं लागलं.

आता तो संध्याकाळी गावातल्या पोरांना शिकवतो. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा तालमीच्या दारातच एक वजनकाटा दिसला, शेजारी दोरीला अडकवलेली वही. वहीत प्रत्येक पोराचं नाव, तारीख, वजन. कुणाचं आठवड्यात फार उतरलं तर आकड्याभोवती लाल गोल. एक बारका पोरगा काट्यावर चढला, आकडा पाहून खूश झाला. दादाने वहीत लिहिलं, गोल केला, आणि मान वर न करता विचारलं, “दुपारी जेवलास का?”

पोरगा गप्प. दादाने त्याला त्या दिवशी आखाड्यात उतरू दिलं नाही.